'असेंबल्ड कॉम्प्युटर बंद पडणारच' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

एकच मेसेज मला आतापर्यंत चार ग्रुपांवरून आला. मजकूर थोडक्यात असा : घरी जोडलेला कॉम्प्युटर मध्येच बंद पडत असेल तर कारण आपल्या मराठवाड्याचा उन्हाळा. विंडोज फॉरमॅट मारा, रॅम वाढवा, स्टॅबिलायझर लावा. तरी थांबलं नाही तर भंगारात काढा आणि कंपनीचा घ्या, असेंबल्ड असाच असतो. कापसाच्या पैशातून लेकराला मशीन घेऊन दिलेली माणसं हे खरं मानून पुन्हा खर्चात पडतायत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

उन्हाळ्याचं आधी. मे महिन्यात परभणीत पारा ४२-४४ वर जातो, पत्र्याच्या खोलीत कॅबिनेटची भट्टी होते, हे मी नाकारत नाही. धूळ झटका, पंखे फिरतात का बघा. पण आजचा प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो. काम रेंगाळतं, गेम अडखळतो. त्यानंतरही तापमान चढतच राहिलं तर मग तो बंद होतो. काहीच मंद न होता मशीन फटकन बंद पडत असेल, तर पहिला संशय प्रोसेसरच्या गरमीवर घेऊ नका. तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो फुकट मिळतं, ते लावून आकडा बघा. माझ्या भाच्याचं मशीन तर जानेवारीत, पहाटे सहाला, तो स्वेटर घालून बसलेला असताना बंद पडायचं.

"मामा, पुन्हा बंद पडायलंय," असा त्याचा फोन आला तोवर त्यानं हा मेसेज वाचून फॉरमॅट मारून घेतला होता. दुकानदारानं डी ड्राइव्हसकट सगळं पुसलं. दोष हार्डवेअरमध्ये असेल तर फॉरमॅटनं काय होणार? रॅम खराब असेल तर नवीन विंडोजच्या फाइलीही चुकीच्या लिहिल्या जाऊ शकतात. विंडोजवर संशय असेल तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवा, हार्ड डिस्कला हात न लावता. तिथंही मशीन बंद पडलं तर दोष विंडोजचा नाही.

आणि त्याच्याही आधी इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडा. तिथं 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद दिसली की लोक लगेच एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा आतला डबा) बदलतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मशीन रीतसर शट डाउन न होता बंद झालं. खरी खूण तपशिलात असते. 'बगचेक कोड', म्हणजे विंडोज कोसळण्याच्या कारणाचा आकडा, शून्य असेल तर विंडोजला काही लिहायलाही वेळ मिळाला नाही. मग वीज, एसएमपीएस, ढिल्या पिना यांच्याकडे जा. शून्य नसेल तर निळी स्क्रीन येऊन गेली आहे आणि बहुतेक वेळा विंडोजच्या मिनीडंप फोल्डरात तिची फाइल पडलेली असते. भाच्याच्या मशीनवर दर वेळी वेगळाच कोड होता. असं दिसलं की मी आधी रॅम तपासतो.

त्यात त्यानं मेसेज वाचून दुसऱ्या कंपनीची ८ जीबी रॅमची आणखी एक स्टिक घातली होती, आणि बंद पडणं वाढलं होतं. रॅम कमी पडली तर मशीन मंदावतं, प्रोग्राम बंद होतो. सहसा आख्खा कॉम्प्युटर रीस्टार्ट होत नाही. उलट दोन वेगळ्या स्टिका एकत्र चालवताना अडचणी येऊ शकतात. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी चालू केलं की रॅम तिच्या साध्या वेगापेक्षा जास्त पळवली जाते, तेही बंद करून बघावं लागतं. आम्ही एक्सएमपी बंद केलं, दोन्ही स्टिका काढल्या, पिना खोडरबरानं हलक्या हातानं पुसल्या आणि एकेक स्टिक त्याच स्लॉटमध्ये घालून मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावला. नवी स्टिक रात्रभर स्वच्छ चालली. जुनीवर दुसऱ्या फेरीत चुकांच्या लाल ओळी उतरायला लागल्या. भाचा स्क्रीनकडे बघतच राहिला. महिनाभर तो उन्हाला आणि विंडोजला दोष देत होता.

एका वेळी एकच गोष्ट बदला, हे मी हात जोडून सांगतो. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही.

स्टॅबिलायझर व्होल्टेज कमी-जास्त होणं सावरतो, पण लाइन क्षणभर गेली तर तो काही करू शकत नाही. चांगल्या एसएमपीएसवर १००-२४० व्होल्ट असं छापलेलं असतं. त्याला १८० व्होल्टचं भय नाही. वीज गेल्यावर मात्र तो साधारण १६ मिलिसेकंदच तग धरतो. तेव्हा लागतो तो बॅटरीवर लगेच वीज देणारा यूपीएस. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याचा स्विच 'यूपीएस' मोडवर आहे का बघा. दुसऱ्या मोडवर तो लाइन बदलायला जास्त वेळ घेतो. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर मी कधीच भरवसा ठेवत नाही. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग तपासून घ्या. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. मशीन त्यामुळंच बंद पडतं असं नाही, पण हा जिवाचा प्रश्न आहे.

राहिला कंपनीचा कॉम्प्युटर. त्यातही इंटेल-एएमडीचेच प्रोसेसर असतात. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतले बरेच डेस्कटॉप प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे अस्थिर होत होते. २०२४ मध्ये कंपनीनं ते मान्य केलं, ऑगस्टमध्ये मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची) दुरुस्ती दिली आणि वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. हे प्रोसेसर तयार मशीनमध्येही होते. तुमच्याकडे त्यातला असेल तर बायोस अपडेट करा. आधीच बिघडलेला प्रोसेसर मात्र अपडेटनं सुधारत नाही, तो वॉरंटीत बदलून मागा.

भाच्याला स्टिक वॉरंटीत बदलून मिळाली. फॉरमॅटमध्ये गेलेली डिप्लोमाची ड्रॉइंग त्यानं पुन्हा पहिल्यापासून काढली, अकरा रात्री बसून.