मावशी, एक ते तीनमध्ये सांगा

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात नळाला पाणी किती येतं, याचा सर्व्हे ऑफिसात बसूनच करायचा ठरला. फोन करायचा की मेसेज पाठवायचा, हे घोंगडं माझ्या गळ्यात.

मेसेज स्वस्त. पण साध्या एसएमएसमध्ये इंग्रजीची 160 अक्षरं मावतात, देवनागरी किंवा कन्नड आली की फक्त 70. त्यात काना, वेलांटी, जोडाक्षराचा हलन्त, सगळ्यांची हजेरी वेगळी. 'पाण्याची' एवढ्याच शब्दानं आठ जागा अडवल्या! 'नमस्कार' गेला, 'कृपया' गेलं, उरली ती पोलिसी चौकशी. मजकूर आधी नोंदवून मंजूर करून घ्यायचा, तो ताप निराळाच. शिवाय मराठीत की कन्नडमध्ये? आमच्या भागात हे विचारलं की सर्व्हे राहतो बाजूला आणि सभा भरते. दोन्हींत पाठवला. 1, 2 किंवा 3 एवढंच लिहून धाडायचं होतं. एकानं लिहिलं, 'बरं.'

मग फोन. जांबोटी-कणकुंबीकडं रेंजची बोंब. जिथं रेंज, तिथं अनोळखी नंबर म्हणजे कर्जवाला. मी तोंड उघडायच्या आत 'नको, नको!' एका मावशींनी मात्र सोडलं नाही.

"मावशी, पाणी पुरतंय काय?"

"ते ऱ्हाऊ दे. तू कुठनं बोलालास? गाव कुठलं?"

गाव सांगितलं, तर तिथं त्यांची नणंद निघाली. पाठोपाठ माझ्या लग्नाची चौकशी. मी पर्याय वाचले: पुरेसं, कमी, फारच कमी. ऐकणारा बऱ्याचदा शेवटचा पर्याय धरतो, वाचणारा पहिला, म्हणून क्रम बदलून पुन्हा वाचले.

"तूच लिही की, तुला बरं दिसंल ते."

फोन स्पीकरवर. मागून सासूबाई: "भरपूर हाय म्हणून सांग गं, नायतर येतील नळ तोडायला!"

असल्या वेळी मेसेज बरा, सासूला ऐकू जात नाही. पण कितीतरी घरांत फोन एकच, आणि तो घरधन्याच्या खिशातून गोव्याला कामाला गेलेला. त्याला घरच्या नळाचं काय ठाऊक?

शेवटी साहेबांनी तोड काढली: आधी मेसेज, 'उद्या फोन येईल, उचला'; मग फोन. म्हणजे दोन्ही खर्च. मेसेज सुटले आणि दहा मिनिटांत मावशींचाच फोन.

"नातवाकडनं वाचून घेतलं बग. पाण्याचं उद्या सांगतो म्हण. आधी तुझी पत्रिका धाड, नणंदेची पोरगी हाय."