तो काचेचा मासा फुंकून बनवलेला नाही

माशाच्या आकाराच्या निळ्या काचकुपीचा फोटो फिरतोय, खाली मजकूर: ‘३,५०० वर्षांपूर्वी इजिप्तच्या कारागिरांनी फुंकून बनवलेली परफ्यूमची बाटली’. कुपी खरी आहे. १९२१ मध्ये इजिप्तमधल्या अमार्ना या प्राचीन नगरीच्या जागी सापडलेली ती कुपी आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. काळ मात्र थोडा अलीकडचा, इसवी सनापूर्वीचं चौदावं शतक. आणि ‘फुंकून’ हे साफ चूक.

नळीने काच फुंकण्याची कला इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात, सीरिया-पॅलेस्टाइनकडे सुरू झाली. अमार्नाचे कारागीर धातूच्या सळईच्या टोकाला शेण-मातीचा गाभा थापत आणि त्यावर वितळलेली काच चढवत. मग पिवळ्या-पांढऱ्या काचेचे धागे गुंडाळायचे, ते मऊ असतानाच टोकदार हत्याराने ओढायचे. माशाच्या अंगावरच्या नागमोडी रेघा अशाच उमटल्या. हात किती सराईत असेल! कुपी सावकाश थंड झाली की गाभा खरवडून काढायचा. तो पूर्ण निघतोच असं नाही. अशा कित्येक कुप्यांच्या आत त्याचे अवशेष अजून चिकटलेले आहेत, आणि फुंकलेल्या काचेत ते असण्याचं कारणच नाही.

‘परफ्यूम’ही जरा जपूनच. आत असायचं सुगंधी तेल किंवा मलम, अल्कोहोलचा फवारा नव्हे. त्यापेक्षा आपलं अत्तर जवळचं.