कर्लिंग बघताना झाडूच्या आधी बर्फ बघा

कर्लिंग म्हणजे जड दगड बर्फावरून समोरच्या वर्तुळाकडे सरकवायचा सांघिक खेळ; दगडाच्या पुढे साथीदार झाडूने बर्फ घासत जातात. त्याच्या जागतिक स्पर्धेची क्लिप कुणी टाकली की खाली "फरशी पुसायचा खेळ" ही कमेंट ठरलेली. निदान आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या माणसांनी तरी असं म्हणू नये. तालमीच्या मातीची किंमत आपल्याला माहीत आहे. हौदातल्या मातीत ताक, तेल, हळद किती, हे वस्ताद बघतो. माती बिघडली की चांगल्या पैलवानाचाही डाव फसतो. कर्लिंगमध्ये ती माती म्हणजे बर्फ.

हा बर्फ काचेसारखा गुळगुळीत नसतो. साधारण उणे ५ अंशांवर ठेवलेल्या सपाट थरावर गरम पाण्याचे बारीक थेंब शिंपडतात. ते गोठून दाणे होतात, त्याला पेबल म्हणतात. मग पात्याने दाण्यांचे शेंडे छाटून एका उंचीला आणतात. पाण्यातले क्षार आधी काढावे लागतात. राकसकोप जलाशयाचं बेळगावात नळाला येणारं पाणी तसंच वापरून भागणार नाही.

दगड ग्रॅनाइटचा, जास्तीत जास्त १९.९६ किलोचा. त्याचा तळ खोलगट असतो आणि बर्फाला टेकते ती जेमतेम ५ ते ८ मिलिमीटर रुंद कडी. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ग्राइंडिंगवर काम करणाऱ्याला हे लगेच कळेल: कडीचा खरखरीतपणा बदलला की दगडाचं वळण बदलतं. स्कॉटलंडच्या एल्सा क्रेग बेटावरचा ग्रॅनाइट यासाठी नावाजलेला, कारण तो पाणी फारच कमी शोषतो. दगडात पाणी शिरून गोठलं तर कडीचे टवके उडतात.

आता झाडू. दगडापुढचा बर्फ घासल्याने दगड वेगात येत नाही. त्याचा वेग कमी व्हायला वेळ लागतो, म्हणून तो थोडा लांब जातो आणि थोडा सरळ राहतो. झाडूच्या ब्रशला कुठलं कापड आहे यालाही इतकं महत्त्व, की २०१५-१६ च्या हंगामात काही ब्रशांवरून मोठा वाद झाला. दगड हवा तसा वळवता येतो अशी तक्रार होती. त्यानंतर कर्लिंगच्या जागतिक संघटनेने कापड ठरवून दिलं. मला तो निर्णय योग्यच वाटतो; नेम फेकणाऱ्याचा असावा, कापडाचा नको.

घासणारे ओरडतात ते अंदाज सांगायला. दगड फेकणाऱ्याच्या बाजूच्या मागच्या रेषेपासून हॉग लाइनपर्यंत, म्हणजे जिच्या आत दगड हातातून सोडावाच लागतो त्या रेषेपर्यंत, किती सेकंदांत गेला, हे स्टॉपवॉचवर धरतात. जलद बर्फावर हा वेळ जास्त लागतो, कारण तिथे दगड हळूच सोडावा लागतो. नवा प्रेक्षक इथेच गोंधळतो. बर्फावर एखादा केस किंवा धागा पडला की दगड तिथे अडकून भलतीकडे वळतो. मग कुणाचाच अंदाज कामाला येत नाही.

पण सामना खरा ठरतो हॅमरवर, म्हणजे डावातला शेवटचा दगड कुणाकडे यावर. इथे डाव म्हणजे दोन्ही संघांचे सगळे दगड टाकून होण्याची एक फेरी; वर्तुळाच्या मध्याजवळ ज्यांचे दगड, त्यांना गुण, आणि गुण घेणाऱ्याचा हॅमर पुढच्या डावात समोरच्याकडे जातो. हॅमर असलेल्या संघाला दोन गुण हवे असतात. एकच मिळणार असेल तर तो संघ दगड मुद्दाम बाहेर काढून डाव कोरा, म्हणजे कुणालाच गुण नसलेला ठेवतो, म्हणजे पुढच्या डावात हॅमर त्याच्याकडेच. २०१८ च्या ऑलिंपिक अंतिम सामन्यात अमेरिका आणि स्वीडन ५-५ वर होते. आठव्या डावात अमेरिकेचा कर्णधार जॉन शुस्टरने शेवटच्या दगडाने स्वीडनचे दोन दगड उडवले आणि एकदम पाच गुण घेतले. सामना १०-७. समोर स्वीडनचा कर्णधार निक्लास एडिन होता, ज्याच्या नावावर २०२४ पर्यंत सात जागतिक विजेतेपदं झाली.

"आपल्या उष्ण देशात कसलं कर्लिंग" हा आक्षेप मला पटत नाही. २०२५ च्या हार्बिन आशियाई हिवाळी स्पर्धेत पुरुषांचं सुवर्ण फिलिपिन्सने दक्षिण कोरियाला ५-३ ने हरवून घेतलं. त्यांचे खेळाडू स्वित्झर्लंडच्या बर्फावर तयार झालेले, हेही खरं. आपल्याकडे रिंक करायची तर उन्हापेक्षा पावसाळ्यातल्या दमट हवेचा त्रास जास्त. ती हवा बर्फावर दवासारखी गोठते, दाणे झाकले जातात आणि दगड मध्येच थांबतो. म्हणून आधी हवा कोरडी करणारी यंत्रं, मग दगड, आणि झाडू सगळ्यात शेवटी.