कोरी यादी आणि तेवीस पैशांचं मत

मंडळी, विधानसभेची निवडणूक आली की बेळगावात चहाच्या टेबलावरसुद्धा वॉर्डनिहाय आकडेमोड सुरू होते. विधान परिषदेचं मात्र निकालानंतर पेपरात वाचायचं, एवढंच. २०१३ ला महाराष्ट्र एकीकरण समितीचे दोन आमदार बेंगळूरला होते, २०१८ आणि २०२३ ला एकही नाही. खालच्या सभागृहाचं दार असं बंद झालेलं असताना वरच्या सभागृहाची मतं कशी पडतात, हे आपण नीट पाहिलेलंच नाही.

७५ जणांची ही परिषद. २५ जण आमदारांच्या मतांवर, २५ स्थानिक संस्थांतून (तिथे ग्रामपंचायत-पालिकांचे मेंबर मत देतात), ७ पदवीधर, ७ शिक्षक, उरलेले ११ नेमलेले. बेळगाव जिल्ह्याच्या वाट्याला स्थानिक संस्थांच्या दोन जागा आहेत. शिवाय विजयपूर आणि बागलकोटसोबत वायव्य पदवीधर आणि वायव्य शिक्षक अशी एकेक जागा. (उत्तर कन्नड जिल्ह्यातली हल्याळ-जोयड्याची मंडळी यात नाहीत, ती पश्चिम मतदारसंघात. तिथल्या शिक्षकांनी बसवराज होरट्टींना १९८० पासून आठ वेळा निवडून दिलं.)

आता मतांचा इतिहास बघा. डिसेंबर २०१५. राज्यात काँग्रेसचं सरकार, बेळगाव स्थानिक संस्थांत काँग्रेसचे अधिकृत उमेदवार वीरकुमार पाटील. निवडून आले अपक्ष विवेकराव पाटील आणि भाजपचे महांतेश कवटगीमठ. डिसेंबर २०२१. आता सरकार भाजपचं, उमेदवार तेच कवटगीमठ. आले काँग्रेसचे चन्नराज हट्टीहोळी आणि अपक्ष लखन जारकीहोळी. निकाल लागला १४ डिसेंबरला, तेव्हा अख्खं सरकार हलग्याच्या सुवर्णसौधात, म्हणजे बेळगावातल्या विधानभवनात, अधिवेशनाला बसलेलं! सलग दोन वेळा सत्ताधारी पक्षाचा अधिकृत माणूस पडला आणि एक जागा अपक्षाने नेली. २०२२ च्या जूनमध्ये शिक्षक जागेवर भाजपच्या अरुण शहापूर यांना काँग्रेसच्या प्रकाश हुक्केरींनी हरवलं, पदवीधरची जागा मात्र भाजपच्या हणमंत निराणींनी राखली.

हे नुसतं घराण्यांच्या वजनाने झालं म्हणणं मला अर्धवट वाटतं. वजन आहेच. पण मोजणीची पद्धतही तितकीच कारणीभूत आहे, आणि ती भल्याभल्या कार्यकर्त्यांना माहीत नसते.

स्थानिक संस्थांत जागा दोन, म्हणून जिंकायला निम्मी मतं लागत नाहीत. वैध मतांना तीनाने भागायचं आणि एक मिळवायचा, तो कोटा. दोन जागा असल्यामुळे प्रत्येक मतपत्रिकेची किंमत १०० धरतात. समजा ६,००० मतं वैध ठरली. एकूण किंमत ६,००,०००, कोटा २,००,००१. एका उमेदवाराला पहिल्या पसंतीची २,६०० मतं पडली, म्हणजे २,६०,०००. तो निवडून आला आणि वर उरले ५९,९९९. ही शिल्लक दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटायची, पण पुढची पसंती लिहिलेल्या सगळ्या मतपत्रिकांवर मिळून. समजा, सगळ्या २,६०० वर ती लिहिलेली आहे. भागून बघा, प्रत्येकीला २३ येतात, वरचा अपूर्णांक सोडून देतात. म्हणजे ज्या मेंबराने ‘एक नंबर पाव्हण्याला, दोन नंबर पक्षाला’ असं ठरवून दिलं, त्याचं पक्षाला पोचलेलं मत रुपयातलं तेवीस पैसे. पाव्हणा मोठ्या फरकाने येवो की काठावर, पक्षाची पहिली पसंती गेली ती गेलीच. मतदान गुप्त आहे, त्यामुळे मेंबराने कुणाला एक नंबर दिला हे पक्षाला कळायची सोयही नाही.

पदवीधर आणि शिक्षक जागेचं गणित वेगळं. तिथे जागा एकच, म्हणून निम्म्याहून एक मत जास्त लागतं. पहिल्या फेरीत ते कुणालाच मिळालं नाही, तर सगळ्यात कमी मतांचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीला पूर्ण किमतीने जातात. इथे मराठी उमेदवाराला एक नंबर देऊन पुढचे रकाने कोरे सोडणं हा शुद्ध वेडेपणा आहे. तो बाद झाला की तुमची मतपत्रिका तिथेच संपते आणि जागा कुणाला जाणार ते बाकीचे ठरवतात.

मतं बाद होतात त्याची कारणं तर हसावं की रडावं अशी. पदवीधरच टिक मारतात, फुली मारतात, ‘एक’ असं अक्षरात लिहितात, खाली सही करतात. दोघांपुढे १ लिहितात. २ आणि ३ लिहून १ विसरलात तरी मत गेलं. पेन मतदान केंद्रावर देतात तोच वापरायचा, खिशातला नाही. आणि एक गोष्ट आपल्या लोकांना सांगावीच लागते: आकडा देवनागरीत चालतो. १ लिहा, कन्नडमधला लिहा, इंग्रजी लिहा, रोमन लिहा, सगळे वैध. फक्त एका मतपत्रिकेवर एकच पद्धत ठेवा, मोजणीच्या टेबलावर वाद नको.

पण आपली खरी गळती मतदानाच्या दिवशी होतच नाही. ती आधीच होते, यादीत. पदवीधर आणि शिक्षकांची यादी दर निवडणुकीला कोरी होते. विधानसभेच्या यादीत नाव आहे, मागच्या वेळी मतही दिलं होतं, याला इथे काही किंमत नाही. फॉर्म १८ (शिक्षकांनी १९) पुन्हा भरायचा. या दोन्ही जागांची सध्याची मुदत जुलै २०२८ ला संपते, म्हणजे पात्रतेची तारीख १ नोव्हेंबर २०२७. त्या तारखेच्या आधी पदवीला तीन वर्षं झालेली हवीत, आणि ती निकालाच्या तारखेपासून मोजतात, पदवीदान समारंभापासून नाही.

पदवी कुठली हवी, यावर आपल्याकडे भलतेच गैरसमज आहेत. धारवाडची असो, राणी चन्नम्माची असो, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची असो, चालते. राहणं मात्र मतदारसंघात हवं. निपाणीत घर आणि कोल्हापुरात रोजचं जाणं-येणं असेल तर अडचण नाही, पुण्यात बिऱ्हाड असेल तर आहे.

अर्ज अडकतात ते नावापायी. मार्क्स कार्डावर माहेरचं आडनाव, वोटर कार्डावर सासरचं. एकीकडे वडिलांचं नाव मधे, दुसरीकडे आडनाव आधी. लग्नाचा दाखला किंवा प्रतिज्ञापत्र सोबत जोडलं की ही कटकट मिटते. झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याची किंवा नोटरीची सही लागते. आणि मंडळाच्या कार्यकर्त्याने दोनशे फॉर्म गठ्ठ्याने नेऊन दिले तर घेत नाहीत. घरातला एक जण घरातल्या सगळ्यांचे देऊ शकतो, संस्थेचा प्रमुख आपल्या कर्मचाऱ्यांचे देऊ शकतो. तेव्हा गल्लीत एकाने सगळ्यांचं करण्यापेक्षा दर घरात एकाला धरा.

मराठी प्राथमिक शाळांतले गुरुजी-बाई शिक्षक मतदारसंघात येत नाहीत. तिथे माध्यमिक किंवा त्यावरचं शिकवणं लागतं, मागच्या सहा वर्षांत मिळून तीन वर्षं. पण त्यांच्यातले पदवीधर फॉर्म १८ भरू शकतात. आणि हायस्कूलच्या पदवीधर शिक्षकाला दोन्ही फॉर्म भरता येतात, दोन मतपत्रिका मिळतात. २०२२ ला दोन्हीकडचं मतदान एकाच दिवशी, १३ जूनला होतं.