मेमीनचे तिकीट

माझ्या संग्रहातल्या चित्रकथांच्या अल्बममध्ये मेक्सिकोच्या टपाल खात्याने जून २००५ च्या अखेरीस काढलेला पाच तिकिटांचा एक संच आहे. प्रत्येक तिकिटाची दर्शनी किंमत साडेसहा पेसो आहे आणि प्रत्येकावर मेमीन पिंगीन आहे, म्हणजे मेक्सिकोतल्या कित्येक पिढ्यांनी ज्याच्या गोष्टी वाचल्या तो खोडकर, गरीब, कृष्णवर्णीय मुलगा. या तिकिटांवरून त्या वेळी मेक्सिको आणि अमेरिका यांच्यात मोठा वाद झाला होता. तो वाद मी अनेक वर्षे एका बाजूने वाचत आले. गेल्या आठवड्यात माझी आठ वर्षांची भाची अल्बम चाळता चाळता त्या पानावर थांबली आणि तिने मला एक प्रश्न विचारला. त्या प्रश्नाने मला माझे मत पुन्हा तपासून पाहायला लावले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी मेमीनविषयी सांगायला हवे. योलांदा वार्गास दुल्चे या लेखिकेने १९४० च्या दशकात त्याला जन्म दिला. पुढे १९६० च्या दशकात सिक्स्तो वालेन्सिया बुर्गोस या चित्रकाराच्या रेखाटनांनी त्याला आज ओळखले जाते ते रूप मिळाले आणि त्याच्या अंकांच्या लाखो प्रती खपू लागल्या. मेमीनची आई एउफ्रोसिना लोकांचे कपडे धुऊन संसार चालवते, मुलावर जीव टाकते आणि त्याने आगळीक केली की त्याला बदडूनही काढते. कार्लांगास, एर्नेस्तिय्यो आणि रिकार्दो हे त्याचे तीन मित्र. त्यांतला रिकार्दो श्रीमंत घरचा, पण वडिलांनी त्याला मुद्दाम सर्वसामान्यांच्या शाळेत घातलेले. मेमीन वर्तमानपत्रे विकतो, बुटांना पॉलिश करतो, अभ्यासात मागे पडतो, चुका करतो आणि मित्रांसाठी काहीही करायला तयार असतो. एका कथेत ही मुले अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये जातात, तिथल्या दुकानात मेमीनला त्याच्या रंगामुळे काही द्यायला नकार मिळतो आणि त्याचे मित्र त्या अपमानाविरुद्ध उभे राहतात. ज्यांनी हे अंक लहानपणी वाचले, त्यांना मेमीन आपला वाटतो, यात मला मुळीच नवल वाटत नाही. गरिबाच्या घरातले प्रेम आणि लाज ही दोन्ही त्या कथांत खरेपणाने आलेली आहेत.

मात्र चित्र ही वेगळी गोष्ट आहे. मेमीनचे ओठ चेहऱ्याच्या निम्म्या भागात पसरलेले आहेत, डोळे वाटोळे आणि बटबटीत आहेत, कान बाहेर आलेले आहेत, आणि त्याच्या शेजारी उभे असलेले त्याचे मित्र मात्र साध्या, प्रमाणबद्ध माणसांसारखे काढलेले आहेत. ही रेखाटनाची पद्धत मेक्सिकोत जन्मलेली नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गोरे नट तोंडाला काजळी फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करणारे खेळ करीत. तो चेहरा तिथून जाहिरातींत, चित्रपटांत आणि वर्तमानपत्रांतल्या चित्रमालिकांत उतरला आणि पुढे देशोदेशी गेला. अमेरिकेत विल आयस्नर यांच्या ‘द स्पिरिट’ या १९४० साली सुरू झालेल्या चित्रकथेतला एबनी व्हाइट हा मुलगा पाहिला, की मेमीन आणि तो एकाच साच्यातून आलेले आहेत हे लगेच लक्षात येते. त्यामुळे २००५ साली अमेरिकेने मेक्सिकोला या चित्राबद्दल उपदेश करावा, यात एक मोठी विसंगती होती आणि मेक्सिकोतल्या लोकांना तिचा राग येणे स्वाभाविक होते.

त्या रागाला तात्कालिक कारणही होते. तिकिटे येण्याच्या जेमतेम सात आठवडे आधी, मे महिन्यात, मेक्सिकोचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष विसेंते फॉक्स यांनी अमेरिकेतले मेक्सिकन स्थलांतरित अशी कामे करतात की जी कृष्णवर्णीय लोकदेखील करायला तयार नसतात, अशा अर्थाचे विधान केले होते आणि त्यावरून जेसी जॅक्सन व अल शार्प्टन हे अमेरिकेतले कृष्णवर्णीय नेते मेक्सिकोला जाऊन त्यांना भेटले होते. त्या जखमेवर खपली धरायच्या आतच ही तिकिटे निघाली. जॅक्सन यांनी ती मागे घेण्याची मागणी केली आणि व्हाइट हाउसच्या प्रवक्त्यांनीही अशा वंशवादी प्रतिमांना आजच्या जगात स्थान नाही अशी भूमिका घेतली. मेक्सिकोच्या सरकारने उत्तर दिले की, बाहेरच्यांना आमची संस्कृती समजत नाही. स्पीडी गोन्झालेस या अमेरिकी कार्टूनमधल्या मेक्सिकन उंदराबद्दल आम्ही कधी तक्रार केली का, असाही दाखला देण्यात आला. तिकिटे मागे घेतली गेली नाहीत. छापलेली साडेसात लाख तिकिटे लोकांनी टपाल कार्यालयांपुढे रांगा लावून काही दिवसांत संपवली.

माझा स्वतःचा कल बरीच वर्षे मेक्सिकोच्या बाजूने होता. एखाद्या देशाने आपल्या लोकांना आवडणाऱ्या पात्राचे तिकीट काढले, तर त्यात इतरांनी नाक का खुपसावे, असे मला प्रामाणिकपणे वाटत होते. संग्राहकाला तिकिटाच्या बाजूने उभे राहण्याची एक सवयच जडलेली असते, तिचाही त्यात वाटा असावा.

त्या भूमिकेतली उणीव अशी की, वाद मेक्सिको सिटी आणि वॉशिंग्टन यांच्यात आहे असे मी धरून चालले होते. तो चेहरा ज्यांच्या नावाने काढलेला आहे, ती माणसे मेक्सिकोतच राहतात. पॅसिफिक किनाऱ्यावर गेरेरो आणि वाहाका या दोन राज्यांत पसरलेल्या कोस्ता चिका या पट्ट्यात आफ्रिकी वंशाच्या मेक्सिकन लोकांची गावे आहेत. स्पॅनिश सत्तेच्या काळात सुमारे दोन लाख आफ्रिकी माणसांना गुलाम म्हणून त्या देशात आणले गेले, त्यांचे हे वंशज. त्यांच्या संघटनांनी २००५ साली आपल्याच राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहून या तिकिटांचा निषेध केला होता. तो निषेध परका नव्हता, संस्कृती न समजणाऱ्यांचा नव्हता, आणि तरीही सगळ्या गदारोळात तो जवळजवळ ऐकलाच गेला नाही. अमेरिकेला उत्तर देणे सोपे होते. कोस्ता चिकातल्या शाळेत ज्या मुलाला वर्गमित्र मेमीन म्हणून चिडवत असतील, त्याला काय उत्तर द्यायचे हे कठीण होते. वार्गास दुल्चे यांना मेमीनची कल्पना क्यूबात पाहिलेल्या मुलांवरून सुचली होती. आपल्याच देशात अशी मुले आहेत, ही गोष्ट तेव्हा मेक्सिकोच्या राजधानीतल्या सुशिक्षितांच्याही ध्यानीमनी नसावी. २००५ साली तिथल्या जनगणनेत या समाजाची वेगळी नोंददेखील होत नव्हती. ती २०१५ च्या पाहणीत प्रथम झाली, २०१९ साली राज्यघटनेत त्यांना मान्यता मिळाली, आणि २०२० च्या जनगणनेत पंचवीस लाखांहून अधिक लोकांनी स्वतःला आफ्रिकी वंशाचे म्हणवले. ज्या समाजाला सरकार मोजतही नव्हते, त्याचे जे चित्र सरकारने पत्रापत्रावर चिकटवायला दिले, ते हे होते.

चित्रकथेचा अंक आणि टपाल तिकीट यांत मोठा फरक आहे, हे खरे तर आम्हा संग्राहकांना सर्वांत आधी कळायला हवे. अंकात मेमीनला बोलता येते, रडता येते, आईला बिलगता येते. तीस पाने वाचून झाल्यावर वाचक ते ओठ विसरून त्या मुलाकडे पाहू लागतो. तिकिटावर कथा येत नाही. दोन-तीन सेंटिमीटरच्या चौकटीत फक्त चेहरा येतो आणि त्याच्याजवळ देशाचे नाव छापलेले असते. अंक विकत घेणारा स्वतःच्या आवडीने घेतो, तर तिकीट सगळ्या जनतेच्या वतीने निघते, आणि त्या जनतेत कोस्ता चिकाही आहे.

प्रत्येक पात्राचे तिकिटावर नुकसान होते असे मात्र नाही. आपल्याकडे १९८८ साली टाइम्स ऑफ इंडियाला दीडशे वर्षे झाली, तेव्हा निघालेल्या तिकिटावर आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन आला. तो मुळातच बोलत नाही. चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा आणि टकलाभोवती उडालेले केस, यांतच त्याचे सगळे म्हणणे असते, त्यामुळे तिकिटाच्या आकारात येऊनही त्याचे काहीच कमी झाले नाही. शिवाय त्याच्या चेहऱ्यात कोणत्याही एका समाजाची टिंगल दडलेली नाही. चित्रकथेतले कोणते पात्र तिकिटावर शोभेल हे ठरवताना टपाल खात्याने एवढे तरी पाहावे की, गोष्ट काढून घेतल्यावर मागे काय उरते.

माझ्या भाचीने गोष्ट वाचलेली नव्हती. तिच्यापुढे फक्त ती पाच तिकिटे होती. तिने भिंग घेतले, पहिले तिकीट नीट पाहिले आणि विचारले, “मावशी, ह्या माकडाचं नाव काय?”

मी तिला मेमीनची गोष्ट सांगितली, त्याची आई, ते तीन मित्र, टेक्सासमधले दुकान, सगळे सांगितले. तिने मन लावून ऐकले आणि मग म्हणाली, “मग त्याला मुलासारखं का नाही काढलं?” याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि मी दिलेही नाही.

संच मी संग्रहातून काढणार नाही. तो खरा इतिहास आहे आणि लपवण्यासाठी मी तो जपलेला नाही. मात्र त्या पानावरचा मजकूर मी या रविवारी बदलला. पूर्वी तिथे ‘मेक्सिकोचे लोकप्रिय पात्र, वादग्रस्त संच’ एवढेच लिहिलेले होते. आता लेखिका व चित्रकार यांची नावे, कोस्ता चिकातल्या लोकांनी केलेला निषेध आणि २०१९ ची घटनादुरुस्ती यांची नोंद आहे. शेजारची जागा मोकळी ठेवली आहे. आफ्रिकी वंशाचे विसेंते गेरेरो १८२९ साली मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष होते आणि त्याच वर्षी त्यांनी तिथली गुलामगिरी रद्द केली. कोस्ता चिकाचा मोठा भाग ज्या राज्यात येतो, त्याला त्यांचेच नाव आहे. मेक्सिकोने त्यांचीही तिकिटे काढलेली आहेत. कोणाकडे अदलाबदलीसाठी असल्यास कृपया कळवावे, मला ते तिथे लावायचे आहे.