मुरमाड उतारावरची वाइन: एका बागायतदारांच्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार दादा,

दिंडोरीकडच्या टेकडीवरची वायनरी पाहून आल्यावर मी लिहिलं होतं की तिथल्या शिराझला (काळ्या द्राक्षाची एक जात आणि तिची वाइन) दगडाची चव आहे. त्यावर तुम्ही विचारलंत, ‘वेल डॉगरिज जातीच्या खुंटावर कलम केलेला, पाणी ठिबकचं, खतही त्यातूनच. मग मातीचा संबंध येतो कुठे? हे निव्वळ मार्केटिंग.’ तुम्ही निफाडला स्वतः द्राक्षं पिकवता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘दगडाची चव’ हे माझं चुकलंच. मुळं पाण्यात विरघळलेले क्षार घेतात, आणि वाइनमध्ये ते इतके थोडे उतरतात की जिभेला दगड म्हणून कळणं शक्य नाही. ते वाक्य काढून टाकलं आहे.

पण मातीचा संबंधच नाही, हे पटत नाही. तिथे शिराझचे दोन तुकडे पाहिले. एक खाली ओढ्यालगत, काळ्या जमिनीत. दुसरा वर उतारावर, हातभर माती आणि खाली मुरूम. खुंट तोच, छाटणी एकाच आठवड्यातली. काळी जमीन पाणी धरून ठेवते. ठिबक बंद केलं तरी वेल पीतच राहतो, शेंडा पळत राहतो, मणी फुगतो. त्यात डॉगरिज मुळातच जोमदार. खायच्या थॉम्पसनला टपोरा मणीच हवा, ते तुम्हाला मी काय सांगणार! वाइनला मात्र लहान मणी लागतो, कारण रंग आणि तुरटपणा सालीत असतो. मणी लहान, तर रसाच्या मानाने साल जास्त. मुरमात पाणी थांबत नाही, त्यामुळे मण्यात रंग उतरायला लागला की पाणी तोडून शेंडा थांबवता येतो. ठिबकची चावी माणसाच्या हातात असते, पण ती बंद केल्यावर वेलीला किती दिवस पाणी मिळत राहील, हे जमीनच ठरवते.

खताचं म्हणाल तर एक पालाश (पोटॅशियम) खरोखर जिभेला कळतो. तो रसात जास्त उतरला की टार्टारिक आम्ल त्याच्याशी बांधलं जातं, सामू (pH) चढतो, म्हणजे आंबटपणा उतरतो, आणि वाइन मिळमिळीत लागते.

दोन्ही तुकड्यांची वाइन टाकीतून वेगवेगळी चाखली. खालची फिकी, पातळ. वरची गडद, हिरड्या आवळणारी. याचं सगळं श्रेय मुरमाला देत नाही. वर वारा खेळता आहे आणि ओली झालेली पानं लवकर कोरडी होतात, त्याचाही वाटा असणारच.

तुमच्या बागेत बांधाकडेला मुरूम वर आलेल्या ओळी असतील, तर यंदा तिथले शंभर मणी आणि मधल्या ओळीतले शंभर मणी वेगळे तोलून पाहाल का? वजन आणि ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) कळवलंत, तर मूळ लेखाखाली जोडतो.