थंडी, पाऊस आणि उतार : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. ‘गारठ्यात पाऊस लागला तर अर्ध्यातून परत फिरायला लाजू नका’ या सायकलने घाट चढण्या-उतरण्यावरच्या माझ्या लेखातल्या वाक्यामुळे नवखे घाबरतील, असं तुम्ही म्हणता. चांगलं वॉटरप्रूफ जॅकेट असलं की हवामानाचा प्रश्नच मिटतो, असंही म्हणता, आणि १९८० साली फ्रेंच सायकलपटू बेर्नार इनोने बर्फात जिंकलेल्या लिएज-बास्तोन-लिएज या बेल्जियममधल्या शर्यतीचा दाखला देता. टायरमधली हवा कमी करण्याचा सल्ला मोघम होता, ही तिसरी तक्रार. ती मला पूर्ण मान्य आहे, तिच्याकडे शेवटी येतो.

आधी जॅकेट. चढावर आतूनही पाऊस पडत असतो, घामाचा. कितीही भारी जॅकेट घ्या, तासभर जोर लावून चढलात की आतला थर ओला होतोच. तेव्हा ते कळत नाही, कारण पाय उष्णता तयार करत असतात. माथ्यावर पायडल थांबतं, वेग ताशी ५० वर जातो आणि हिशेब सुरू होतो. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून नेतं. हवा ५ अंश असेल आणि तुम्ही ताशी ३० किलोमीटरने जात असाल, तर उघड्या, कोरड्या चेहऱ्यालासुद्धा शून्य अंशासारखा गारठा लागतो. अंगाला चिकटलेल्या ओल्या कपड्यांत काय होत असेल ते तुम्हीच बघा. म्हणून माझं सांगणं एवढंच, की चढ लागताच झिप उघडा, आणि हातमोज्यांचा एक कोरडा जोड पिशवीत बांधून माथ्यासाठी राखून ठेवा.

हे मी अंगावर काढलेलं आहे. एका लांब उतारावर, तिसऱ्या की चौथ्या वळणाला, बोट ब्रेक लिव्हरवर आहे की नाही हे मला खाली बघून ठरवावं लागलं. बोटं वाकत नव्हती. अख्खा पंजा लिव्हरवर टाकून कसाबसा ओढत राहिलो. खाली पोचल्यावर हेल्मेटचा बकल दोन्ही तळव्यांत धरून दाबला तरी सुटेना, शेवटी मित्राने सोडवला. कुडकुडणं तोवर थांबलं होतं आणि मला वाटत होतं, चला, आता बरं वाटतंय. मित्राने ओळखलं म्हणून निभावलं. कुडकुडून शरीर स्वतःला तापवत असतं. गारठा तसाच असताना ते थांबलं, बोलणं जड झालं, साधं काम हाताला जमेनासं झालं, तर शरीराचं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलेलं असू शकतं. मग एक किलोमीटरही पुढे जायचं नाही. आडोसा, कोरडे कपडे आणि सोबत माणूस.

आता इनो. त्या शर्यतीला १७४ जण निघाले आणि २१ जणांनी ती पूर्ण केली. इनो नऊ मिनिटांहून जास्त फरकाने जिंकला, पण त्याच्या बोटांना कायमची इजा झाली. मला विचाराल तर १९८८ च्या जिरो या इटलीतल्या शर्यतीतला गाव्हिया घाट जास्त शिकवून जातो. २,६०० मीटरच्या वर बर्फ पडत असताना योहान व्हान डर व्हेल्डे अर्ध्या बाह्यांच्या जर्सीत सगळ्यांत आधी माथ्यावर पोचला आणि उतारावर गारठून सुमारे ४७ मिनिटं मागे पडला. अँडी हॅम्पस्टनच्या संघाने मात्र उबदार कपडे आधीच जमवून माथ्याजवळ तयार ठेवले होते. त्या दिवशी शर्यतीत एकूण आघाडीवर असणाऱ्याची गुलाबी जर्सी हॅम्पस्टनच्या अंगावर आली. कपडे महत्त्वाचे हे तुमचं म्हणणं खरंच आहे, फक्त ते उताराच्या आधी अंगावर चढले पाहिजेत. आणि २०१३ च्या मिलान-सान रेमो शर्यतीत बर्फ पडला तेव्हा व्यावसायिक सायकलपटूंनाही बसमध्ये बसवून पुढे नेलं होतंच.

परत फिरण्याबद्दल माझी एक चूक मात्र तुमच्यामुळे लक्षात आली. ‘अर्ध्यातून’ हा शब्द घातक आहे. अर्ध्या घाटातून फिरलात तरी उतार आहेच, आणि माथ्यावर तर दोन्हीकडे उतार. निर्णय पायथ्याशीच घ्यायला हवा, बोटं नीट हलत असताना. नवख्याला एवढं आधी माहीत असलं तर तो पुढच्या पावसातही बाहेर पडेल, असं मला मनापासून वाटतं.

राहिली टायरची हवा. एरवी ८० पीएसआय (पंपावर दिसणारा हवेच्या दाबाचा आकडा) भरत असाल तर ओल्या रस्त्यावर ७२ ते ७५ ठेवून बघा. टायर रस्त्याला जरा जास्त टेकतो आणि खडबडीत जागी उडत नाही. तुमचं वजन आणि टायरची रुंदी बघून आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण टायरवर छापलेल्या किमान आकड्याखाली जाऊ नका. रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे आणि लोखंडी झाकणं यांच्यापुढे मात्र कुठलाही दाब कामाचा नाही. तिथून सरळ जायचं, न झुकता, न ब्रेक लावता. तुमचे रिम ब्रेक (चाकाच्या कडेला, म्हणजे रिमला, दाबणारे) आहेत असं लिहिलंय, म्हणून आणखी एक : चाकाचे पहिले काही फेरे रिमवरचं पाणी पुसण्यातच जातात, तेव्हा वळणाच्या बरंच आधी ब्रेक हलके टेकवून ठेवा. हे आकडे आणि पायथ्याचा मुद्दा मूळ लेखात आजच घालतो आहे.